गाठ काढली, पण चेहऱ्याचे काय? त्वचेच्या कर्करोगानंतरची पुनर्रचना शस्त्रक्रिया समजून घेताना

चेहऱ्यावरची गाठ घरातल्या प्रत्येकाला रोज दिसते, तरी डॉक्टरकडे ती फार उशिरा पोहोचते. नाकाच्या कडेला मोत्यासारखी चकाकणारी पुळी असते, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याजवळ काळसर ठिपका असतो, किंवा गालावर एक छोटी जखम असते. ती खपली धरते, खपली पडते, थोडे रक्त येते आणि पुन्हा खपली धरते. दुखत काहीच नाही. त्यामुळे 'तीळ आहे', 'चामखीळ आहे', 'दाढी करताना लागले' असे म्हणत वर्ष-दोन वर्षे निघून जातात. मधल्या काळात कोणी चुना लावतो, कोणी घोड्याच्या केसाने ती बांधून ठेवतो, कोणी अॅसिडने जाळून देणाऱ्याकडे जातो. मग कधीतरी छत्रपती संभाजीनगरला येऊन घाटीत किंवा आमखास मैदानाजवळच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात तपासणी होते आणि डॉक्टर सांगतात की गाठीबरोबर नाकाची एक बाजूही काढावी लागेल. नेमके इथे अनेक जण माघार घेतात. 'विचार करून सांगतो' म्हणून गेलेला माणूस सहा महिन्यांनी येतो, तेव्हा गाठ दुप्पट झालेली असते.

या माघारीमागे मरणाची भीती क्वचितच असते. भीती असते ती लोकांत तोंड कसे दाखवायचे याची. कामावर ठेवतील का, लेकीच्या सोयरिकीला आलेले पाहुणे काय म्हणतील, विहारात वंदनेला बसल्यावर शेजारची बाई सरकून बसेल का, हे प्रश्न खरे आहेत. 'जीव वाचतोय ना, चेहऱ्याचे काय घेऊन बसलात' असे म्हणून ते उडवून लावणे योग्य नाही. म्हणूनच गाठ काढल्यानंतर चेहरा पुन्हा कसा उभा करतात, हे रुग्णाला आणि घरच्यांना आधीच कळले पाहिजे.

'प्लास्टिक सर्जरी' या शब्दाने आपल्याकडे बराच घोळ केला आहे. चेहऱ्यात प्लास्टिकचा तुकडा बसवतात असे अजूनही काही जणांना वाटते. दुसऱ्यांना ते नटनट्यांचे, श्रीमंतांचे काम वाटते. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ आकार देणे, मातीला घडवावे तसे घडवणे असा आहे. शरीराचीच कातडी, शरीराचीच कूर्चा घेऊन हरवलेला भाग घडवायचा, एवढाच त्याचा अर्थ.

आधी पूर्ण काढणे, मग झाकणे

त्वचेच्या कर्करोगाचे मुख्य तीन प्रकार आहेत. बेसल सेल कार्सिनोमा हा सर्वांत सौम्य. तो शरीरात इतरत्र पसरण्याचे प्रमाण अत्यंत कमी असते, पण जागच्या जागी तो उंदराने कुरतडल्यासारखा खात जातो. इंग्रज डॉक्टरांनी त्याला 'रोडंट अल्सर' हे नाव दिले ते त्यामुळेच. गोऱ्या कातडीवर तो गुलाबी दिसतो. आपल्या सावळ्या कातडीवर तो बऱ्याचदा काळा किंवा तपकिरी असतो आणि म्हणूनच तीळ समजला जातो. दुसरा स्क्वॅमस सेल कार्सिनोमा. हा कानाजवळच्या आणि मानेतल्या गाठींपर्यंत जाऊ शकतो. तिसरा मेलॅनोमा, आपल्याकडे तो चेहऱ्यावर कमी दिसतो, पण तिन्हींत सर्वांत धोकादायक तोच.

आपल्या कातडीत रंगद्रव्य जास्त असल्यामुळे उन्हापासून काही प्रमाणात संरक्षण मिळते आणि हे रोग युरोप-अमेरिकेच्या तुलनेत इथे बरेच कमी आहेत. पण 'आपल्याला होत नाही' हे खरे नाही. जन्म उसाच्या फडात, कापसाच्या रानात किंवा बांधकामावर घालवलेला माणूस साठीला आला की त्याच्या नाकाने, गालाने, कानाच्या पाळीने चाळीस-पन्नास वर्षांचे ऊन खाल्लेले असते. दुसरी एक वाट मला जास्त अस्वस्थ करते. भाजल्याचा जुना व्रण. चुलीवर, स्टोव्हवर भाजलेल्या बाईच्या व्रणावर वीस-तीस वर्षांनी न भरणारी जखम उघडते, आणि तो स्क्वॅमस कर्करोग असू शकतो. याला 'मार्जोलिन अल्सर' म्हणतात. व्रण जुना, म्हणून जखमही जुनीच समजली जाते. जुन्या व्रणावर नवी जखम महिनाभरात भरली नाही, तर तिचा तुकडा तपासायलाच हवा.

तिसरा गट लहान मुलांचा आहे. झेरोडर्मा पिगमेंटोजम हा आनुवंशिक आजार असलेल्या मुलांच्या चेहऱ्यावर दोन-तीन वर्षांच्या वयातच उन्हाने तपकिरी ठिपके दाटतात आणि पुढे शाळेच्या वयात गाठी येऊ लागतात. आई आणि वडील दोघांकडूनही दोषी जनुक आले तरच हा आजार होतो. त्यामुळे मामे-आते भावंडांची लग्ने जिथे रूढ आहेत, तिथे तो अधिक आढळतो. अशा मुलाच्या चेहऱ्यावर एक नव्हे, आयुष्यभरात अनेक शस्त्रक्रिया होतात. त्यातल्या काही टाळायच्या असतील तर त्याला उन्हापासून अगदी कसोशीने जपावे लागते.

आता शस्त्रक्रियेकडे वळू. गाठ दिसते तेवढीच नसते. तिची मुळे आजूबाजूच्या चांगल्या दिसणाऱ्या कातडीखाली पसरलेली असतात. म्हणून सर्जन गाठीभोवती चांगल्या कातडीची एक पट्टीही काढतात. त्याला मार्जिन म्हणतात. लहान आणि साध्या बेसल सेल गाठीला साधारण ४ मिलिमीटर पुरतात. स्क्वॅमसला ४ ते ६, धोक्याची लक्षणे असतील तर त्याहून जास्त. मेलॅनोमा किती खोल गेला आहे ते पाहून १ ते २ सेंटिमीटर. म्हणजे नाकावरची हरभऱ्याएवढी गाठ काढली, तर खड्डा रुपयाच्या नाण्याएवढा होतो. रुग्णाला धक्का बसतो तो याच हिशेबाचा, आणि हा हिशेब त्याला आधी कोणी मांडून दाखवलेला नसतो.

काढलेला तुकडा पॅथॉलॉजीकडे जातो. त्याच्या सगळ्या कडा आणि तळ कर्करोगमुक्त आहेत का, हे तिथे सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. काही ठिकाणी रुग्ण टेबलावर असतानाच तुकडा गोठवून तासाभरात उत्तर मिळवतात. त्याला फ्रोझन सेक्शन म्हणतात. अमेरिकेत फ्रेडरिक मोह्स या सर्जनने १९३०च्या दशकात एक पद्धत सुरू केली. थर काढायचा, संपूर्ण कड तपासायची, जिथे रोग उरला असेल तिथलाच पुढचा थर काढायचा. यात चांगली कातडी जास्तीत जास्त वाचते. भारतात ही सोय मोजक्याच ठिकाणी आहे. ती नसेल तर सर्जन कधी कधी जखमेवर फक्त ड्रेसिंग ठेवून पक्का रिपोर्ट येईपर्यंत आठ-दहा दिवस थांबतात आणि मग पुनर्रचना करतात. 'कापले आणि उघडेच सोडले' अशी तक्रार नातेवाईक इथे करतात. खरे तर हे थांबणे रुग्णाच्या हिताचे असते. कडेला रोग शिल्लक असताना वर सुंदर कातडी बसवली, तर आत काय चालले आहे ते दिसतच नाही, आणि दिसेपर्यंत रोग हाडात पोहोचलेला असतो.

पुण्याजवळचा विटा पाडणारा सर्जन

खड्डा लहान असेल तर कडा जवळ आणून टाके घालतात. गालाची आणि मानेची कातडी सैल असते, वयस्कर माणसाची तर आणखी सैल, त्यामुळे तिथे हे सहज जमते आणि टाके सुरकुतीच्या रेषेत लपतात. ते जमत नसेल तर त्वचारोपण, म्हणजे स्किन ग्राफ्ट. कानामागची किंवा गळ्याच्या हाडावरची पूर्ण जाडीची कातडी चेहऱ्याच्या रंगाशी बरीच जुळते. मांडीवरची पातळ कातडी मोठी जागा झाकते, पण चेहऱ्यावर ठिगळासारखी दिसते. ग्राफ्टला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. पहिले दोन दिवस ती खालच्या जखमेतल्या पाझरावर जगते, मग खालून बारीक रक्तवाहिन्या तिच्यात शिरतात. म्हणून वरून घट्ट बांधलेली कापसाची गादी पाच दिवस हलवायची नसते. खाली रक्त साचले किंवा कातडी सरकली तर ग्राफ्ट मरते.

नाकाच्या शेंड्याला किंवा पाळीला ग्राफ्ट बहुतेक वेळा पुरत नाही, कारण तिथे कातडीबरोबर कूर्चाही गेलेली असते. तिथे फ्लॅप लागतो. फ्लॅप म्हणजे रक्तवाहिनीसकट उचललेली कातडी, जी एका बाजूने शरीराला जोडलेलीच राहते. नाकासाठी आजही जगभर पहिली पसंती असलेला फ्लॅप कपाळावरून घेतात, आणि आधुनिक जगाला तो कळला आपल्या महाराष्ट्रातून.

१७९२च्या म्हैसूरच्या लढाईत इंग्रज फौजेबरोबर बैल हाकणारा एक मराठा शेतकरी होता. इंग्रजी कागदांत त्याचे नाव 'कावसजी' असे आले आहे. तो टिपूच्या सैन्याच्या हाती सापडला; त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. वर्षभराहून अधिक काळ तो बिननाकाचा राहिला. मग पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याला नवे नाक करून दिले. थॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले या दोन इंग्रज डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया पाहिल्याची नोंद आहे. ऑक्टोबर १७९४मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'ने कावसजीच्या चित्रासह तिचे वर्णन छापले.

त्या वर्णनातली कृती आजच्या सर्जनलाही ओळखीची वाटेल. आधी मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या जागी बसवून आकार घेतला. तो सपाट करून कपाळावर ठेवला आणि भोवती रेघ आखली. तेवढी कातडी सोडवली, पण दोन भुवयांच्या मध्ये एक अरुंद पट्टी तशीच ठेवली, कारण रक्त तिच्यातूनच येणार होते. नाकाच्या जुन्या व्रणाची कड खरवडून ताजी केली, कपाळाची कातडी अर्धा वळसा देऊन खाली आणली आणि बसवली. टाके नव्हते, पाण्यात भिजवलेला काथ कापडाच्या पट्ट्यांना लावून त्या एकावर एक चिकटवल्या. चार दिवसांनी पट्ट्या काढून तुपात भिजवलेले कापड ठेवले. दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कापडाच्या वाती घातल्या, म्हणजे त्या बुजणार नाहीत. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास भुवयांमधली पट्टी कापली.

आज मेणाऐवजी टाक्याच्या पाकिटाचा कागद वापरतात, कानाची किंवा बरगडीची कूर्चा आधाराला घालतात, आतले अस्तरही तयार करतात. भुवईच्या आतल्या टोकाजवळून वर जाणारी धमनी नेमकी कोणती, हे आता नावानिशी माहीत आहे. पण पट्टी कापण्याचा मुहूर्त अजूनही तोच आहे, सुमारे तीन आठवडे. लंडनच्या जोसेफ कार्प्यूने ते वर्णन वाचून वीस वर्षे अभ्यास केला, १८१४मध्ये पहिली शस्त्रक्रिया केली आणि १८१६मध्ये पुस्तक लिहिले. पाश्चात्त्य शल्यशास्त्रात ही 'भारतीय पद्धत' म्हणून ओळखली गेली.

कार्प्यूचे नाव इतिहासात आहे. कावसजीचे नाव आणि चित्र आहे. क्रूसो आणि फिंडले आहेत, पुण्यात चित्रे काढणारा जेम्स वेल्सही आहे. ज्याच्या हातांनी नाक घडले, त्याची नोंद मात्र फक्त जातीने झाली. सुश्रुताच्या ग्रंथात गालाच्या कातडीपासून नाक करण्याची कृती आहे, हे आपण अभिमानाने सांगतो. पण अठराव्या शतकात ती विद्या कोणाच्या हातात जिवंत होती, हे सांगताना आपली जीभ अडखळते. रक्त-मांसाला हात लावणे ज्यांनी विटाळ मानले, त्यांच्याकडे ती उरली नव्हती. माती तुडवणाऱ्या, विटा पाडणाऱ्या माणसाकडे ती होती.

कपाळाच्या फ्लॅपबद्दल रुग्णाला एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. पहिल्या शस्त्रक्रियेनंतर तीन आठवडे भुवयांपासून नाकापर्यंत कातडीची एक सोंड दिसते. आरशात ते पाहून माणूस खचतो आणि काही जण दुसऱ्या टप्प्याला येतच नाहीत. ही सोंड तात्पुरती आहे, तीच नव्या नाकाला जगवते आहे, आणि ती निघाल्यावर कपाळावर एक उभी रेघ राहते, हे घरातल्या लहानथोरांना आधीच माहीत असले तर ते तीन आठवडे सुसह्य होतात.

पापणी आणि ओठ यांचे गणित वेगळे. पापणीचे काम डोळा झाकणे, म्हणून दिसण्याआधी डोळा पूर्ण मिटतो की नाही ते पाहतात. खालच्या पापणीचा मोठा भाग गेला तर गालाची कातडी फिरवून वर आणतात. ओठाचा तिसरा हिस्सा गेला तरी सरळ टाक्यांनी काम भागते, त्याहून जास्त गेला तर दुसऱ्या ओठाचा तुकडा उसना घेतात.

डोक्याची कातडी : ताणत नाही, पण फिरवता येते

डोक्यावरची बहुतेक आवाळे साधी असतात, मेदाच्या ग्रंथींसारखी, वर्षानुवर्षे तेवढीच राहणारी. पण केसांत लपलेली जखम, झपाट्याने वाढणारी किंवा रक्त येणारी गाठ वेगळी. ती आधी दिसते केस कापणाऱ्याला किंवा वेणी घालणाऱ्या हाताला. त्यांनी सांगितले तर ऐकावे.

डोक्याच्या कातडीखाली एक चिवट पडदा असतो, त्यामुळे ती गालासारखी ताणत नाही. साधारण ३ सेंटिमीटरपर्यंतचा खड्डा बंद करता येतो. त्याहून मोठ्यासाठी बाजूची कातडी मोठ्या अर्धगोलात कापून फिरवतात. म्हणून गाठ लिंबाएवढी आणि टाके मात्र कानापासून कानापर्यंत, असे दृश्य दिसते. त्यात काही चूक झालेली नसते. रक्तपुरवठा भरपूर असल्याने इथल्या जखमा चांगल्या भरतात. कवटीवरचे पातळ आवरण शाबूत असेल तर त्यावर ग्राफ्ट धरते. उघड्या हाडावर ती धरत नाही. मग हाडाचा वरचा थर घासून खालून मांस भरू देतात, किंवा पाठीचा स्नायू अथवा मांडीची कातडी रक्तवाहिन्यांसकट आणून मानेतल्या वाहिन्यांना सूक्ष्मदर्शकाखाली जोडतात. हे आठ-दहा तासांचे काम आहे. पुढे रेडिएशन द्यायचे असेल तर पातळ ग्राफ्टपेक्षा असा जाड फ्लॅप ते जास्त सोसतो.

विनयपिटकाच्या महावग्गात जीवकाची एक गोष्ट आहे. राजगृहाच्या एका श्रेष्ठीच्या डोक्याची कातडी कापून, कवटी उघडून त्याने आतले दोन जंतू काढले, कवटी मिटवली, कातडी शिवली आणि लेप लावला. ती शब्दशः घ्यावी की नाही, हा वेगळा विषय. मला त्यातला पुढचा भाग जास्त खरा वाटतो. जीवकाने त्याला एका कुशीवर सात महिने, दुसऱ्या कुशीवर सात महिने आणि पाठीवर सात महिने पडून राहायला कबूल करून घेतले होते. श्रेष्ठीला प्रत्येक कुशीवर सात दिवसच धीर धरवला, आणि तेवढ्यात तो बरा झाला. जीवक म्हणाला, मला हे माहीत होते. सात महिने सांगितले नसते तर तू सात दिवसही पडून राहिला नसतास. वॉर्डातल्या कोणत्याही सिस्टरला ही गोष्ट सांगून पाहा, ती हसेल.

खर्च आणि नंतरची काळजी

या शस्त्रक्रियांसाठी आता मुंबई गाठावीच लागते असे नाही. घाटी, म्हणजे १९५६ साली सुरू झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, आणि २०१२पासून चालू असलेले शासकीय कर्करोग रुग्णालय ही दोन्ही शहरातच आहेत. मराठवाड्यात तंबाखू-गुटख्यामुळे तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण भरपूर. जबडा, गाल काढल्यावर तो पुन्हा घडवण्यासाठी लागणारे कौशल्य आणि त्वचेच्या गाठीनंतर लागणारे कौशल्य बरेचसे एकच आहे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत आता रेशनकार्डधारक कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात आणि कर्करोगाच्या शस्त्रक्रिया त्यात आहेत. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला एक प्रश्न थेट विचारावा : गाठ काढणे आणि पुनर्रचना, दोन्हींची मंजुरी मिळाली का, आणि दुसरा टप्पा वेगळा मंजूर करून घ्यावा लागेल का? योजनेचा हेल्पलाइन क्रमांक १५५३८८ आहे.

शस्त्रक्रियेआधी आणि नंतर काही आठवडे बिडी, सिगारेट, तंबाखू पूर्ण बंद. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि फ्लॅपचे टोक काळे पडते; सर्जनची सगळी मेहनत एका बिडीने वाया जाऊ शकते. मधुमेह ताब्यात हवा. फ्लॅप निळसर किंवा पांढरा पडला, थंड लागला, तर सकाळची वाट न पाहता लगेच दाखवावे. व्रण पहिले काही महिने लाल आणि कडक राहतो, तो निवळायला वर्ष लागते. त्यामुळे 'बिघडले' असा निकाल दुसऱ्याच महिन्यात देऊ नये. उन्हात टोपी, उपरणे, पदर काहीही चालेल, पण व्रण झाकलेला हवा.

एकदा त्वचेचा कर्करोग झालेल्या माणसाला दुसऱ्या जागी नवी गाठ येण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. म्हणून पहिली दोन-तीन वर्षे दर तीन-सहा महिन्यांनी आणि पुढे वर्षातून एकदा तपासणी लागते, त्यात मानही चाचपून पाहतात. प्रत्येक फेरीला बायोप्सीचा आणि काढलेल्या तुकड्याचा असे दोन्ही रिपोर्ट सोबत न्यावेत. कडा मोकळ्या होत्या की नाही, हे दुसऱ्या रिपोर्टात लिहिलेले असते. घरोघरी जपून ठेवलेला असतो तो पहिला. दुसरा आणायला बऱ्याचदा कोणी गेलेलेच नसते.